आजोळ ते समुपदेशन

1874 साली कल्याणच्या नऊ वर्षांच्या यमुनेचं लग्न गोपाळराव जोशी या टपाल खात्यातल्या विधुराशी लागलं. सासरी तिचं नाव आनंदी झालं. चौदाव्या वर्षी ती आई झाली आणि दहा दिवसांत बाळ दगावलं. 1886 साली फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी त्या याच. त्या दुःखातून त्यांनी वैद्यकीचा ध्यास घेतला, हे त्यांच्या चरित्रातून घरोघरी पोचलं आहे. पण चौदा वर्षांच्या त्या मुलीच्या मनाची विचारपूस करणारी कोणतीही विद्या तेव्हा नव्हती. कल्याण-ठाण्यात नव्हती, तशी फिलाडेल्फियातही नव्हती.

होती ती रीत. घरात मृत्यू झाला की लहानग्यांना शेजारी नेऊन बसवायचं. 'आई देवाघरी गेली' एवढं सांगून विषय मिटवायचा. मुलगा असेल तर मात्र त्याला हाक यायची. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरणारा आठ-नऊ वर्षांचा मुलगा गावोगाव दिसे. मुलीला स्मशानाची वाट बंद होती. दहा दिवस सुतक, तेराव्याला गोडाचं जेवण, आणि मग घर पुन्हा कामाला लागे. उच्चवर्णीय घरात वडील उरले असतील तर वर्षभरात दुसरी आई येई. आई उरली असेल तर ती माजघराच्या कोपऱ्यात जाई आणि पोरांना काका किंवा मामा पोसत. आजोळ हा तेव्हाचा सर्वांत मोठा आसरा. मन समजून घेण्याची भाषा तिथे नव्हती, पण रात्री कुशीत घेणारं कुणीतरी होतं.

मोडलेल्या लग्नांचं चित्र जातीनुसार बदलत असे. शेतकरी-कष्टकरी जातींत काडीमोड आणि पाट रूढ होते आणि मुलं बहुधा बापाच्या घरी राहत. उच्चवर्णीय घरांत घटस्फोटाची वाटच नव्हती, नवऱ्याने टाकलेली बाई तेवढी असे. मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1947 साली झाला, देशभरासाठी हिंदू विवाह कायदा 1955 साली आला आणि परस्परसंमतीची तरतूद 1976 साली. या प्रत्येक टप्प्यावर चर्चा झाली ती नवरा-बायकोच्या हक्कांची. मूल त्यात 'ताबा' या शब्दापुरतं होतं.

रीत बदलली ती रेल्वेने. 1853 साली ठाण्याला आणि 1854 साली कल्याणला गाडी पोचली, आणि पुढे गिरगाव-दादरच्या चाळी सोडून मध्यमवर्ग डोंबिवलीत एक-दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात आला. आजी गावी राहिली, आत्या दुसऱ्या उपनगरात. आई-बाबा दोघेही सकाळच्या लोकलला, मूल पाळणाघरात. अशा घरातला एक माणूस गेला किंवा वेगळा झाला, की उरलेल्याच्या एकट्याच्या खांद्यावर पगार, स्वयंपाक, गृहपाठ आणि स्वतःचं दुःख हे सगळं एकदम येतं. मूल नीट जेवत नाही, हे आधी पाळणाघरातल्या काकूंच्या लक्षात येतं.

मुलांच्या मनाचा शास्त्रीय विचार याच काळात आकाराला येत होता. 1937 साली मुंबईत, पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने, देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. 1948 साली मारिया नागी यांचा बुडापेस्टमधल्या 378 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालच्या मुलाला मृत्यू म्हणजे दूरचा प्रवास किंवा झोप वाटते, असं त्यांना आढळलं. 'देवाघरी गेले' ऐकलेलं चार वर्षांचं मूल म्हणूनच रोज संध्याकाळी विचारतं, 'मग परत कधी येणार?' मोठ्यांना तो प्रश्न काळजात घुसतो. मुलाचा हिशेब मात्र सरळ असतो: गेलेला माणूस परत येतो, रोजची लोकल तशीच येते.

पुढे अमेरिकेत फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डन यांनी आई किंवा वडील गेलेल्या 70 कुटुंबांतल्या 125 मुलांना दोन वर्षं सोबत केली. मूल सावरतं की नाही, हे सर्वांत जास्त ठरतं ते मागे उरलेला पालक कसा सावरतो यावरून, असं त्यांना दिसलं. आधी समजावून सांगून अंत्यविधीत सामील केलेल्या मुलांना त्याची मदत झाली. आणखी एक गोष्ट आपल्या रितीला थेट भिडते: पहिल्या वर्षी ठीक दिसलेली काही मुलं दुसऱ्या वर्षी अडचणीत आली. आपल्याकडे सांत्वनाची वर्दळ तेराव्याला संपते. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामच्या हल्ल्यात डोंबिवलीचे तीन रहिवासी मारले गेले, तेव्हा सगळं शहर रस्त्यावर उतरलं. ती माया खरी होती. पण अशा घरातल्या मुलांना शाळेतल्या शिक्षकांची, शेजाऱ्यांची, नातलगांची खरी गरज पडते ती गर्दी ओसरल्यावर, पुढच्या वर्षीच्या परीक्षेच्या वेळी, दुसऱ्या दिवाळीला.

घटस्फोटाबाबतचं संशोधन काळजीतून सुरू झालं. ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी 1971 पासून कॅलिफोर्नियातल्या 60 कुटुंबांचा पाठपुरावा केला आणि मुलांच्या मनावरचे ओरखडे किती वर्षं टिकतात ते दाखवलं. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे 1400 कुटुंबं अभ्यासली, तेव्हा चित्र थोडं उजळलं: चारांतली तीन मुलं कालांतराने सावरतात. आई-बाबांमधलं न संपणारं भांडण आणि त्यात मुलाला निरोप्या बनवणं जास्त घातक असतं, यावर नंतरच्या अभ्यासकांचंही बरंच एकमत झालं.

महाराष्ट्रात ही जाणीव न्यायालयात शिरली ती 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातून. 1989 साली पुण्यात आणि मुंबईत अशी न्यायालयं उभी राहिली, कालांतराने ठाण्यातही. तिथे वकिलांच्या युक्तिवादाआधी विवाह समुपदेशक दोघांना बोलावतात, गरज पडली तर मुलाशी बोलतात. 'तुला कुणाकडे राहायचंय?' हा प्रश्न मुलाच्या अंगावर टाकायचा नसतो, हे तिथला जाणता समुपदेशक जाणतो. तो शाळेचं, मित्रांचं, चित्रांचं विचारतो. त्यातून मूल रविवारच्या भेटीला का घाबरतं किंवा शनिवारपासूनच दप्तर भरून का बसतं, ते उलगडतं.

ठाण्याला मनोरुग्णालय 1901 पासून आहे. पण साधं दुःख घेऊन तिथे कोण जाणार? 'वेड्यांचं हॉस्पिटल' हा शिक्का भीतिदायक होता. ही अडचण ओळखून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 मार्च 1990 रोजी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची 'आयपीएच', सुरू केली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती नाडकर्णींनी मराठी घरांच्या बोलीत आणली. भाषणं, पुस्तकं, नाटकं, 'वेध'चे कार्यक्रम यांतून मनाबद्दल चारचौघांत बोलणं ठाण्यात रुळलं. आज डोंबिवलीतली एखादी आई 'मुलीला समुपदेशकाकडे नेतेय' असं शेजारणीला सहज सांगते, त्यामागे ही 35 वर्षांची मेहनत आहे.

कोविडने या सगळ्याची परीक्षा घेतली. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने 2021 साली 5 लाख रुपयांची मुदतठेव जाहीर केली, जिल्ह्याजिल्ह्यांत कृती दलं नेमली. एक पालक असलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला मदत मिळते, आणि घटस्फोटितांची मुलंही त्या योजनेत बसतात. या पैशाने शाळेची फी आणि घरातला किराणा निघतो, हे मोठं काम आहे.

त्याला जोड हवी ती उरलेल्या पालकाच्या आधाराची. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात आयर्विन सँडलर आणि शार्लिन वोल्चिक यांच्या गटाने नेमकं हेच करून पाहिलं. वियोग झालेल्या 156 कुटुंबांतली 8 ते 16 वर्षांची 244 मुलं त्यांनी घेतली. ज्यांना कार्यक्रम दिला त्यांच्या बारा बैठका झाल्या, मुलांच्या एका खोलीत आणि पालकांच्या दुसऱ्या. घटस्फोटित आयांसाठी वेगळा कार्यक्रम 240 कुटुंबांसोबत झाला. शिकवलेल्या गोष्टी साध्या होत्या: रोज थोडा वेळ फक्त मुलासाठी ठेवा, मध्ये न बोलता ऐका, शिस्त ढिली सोडू नका, मोठ्यांची भांडणं मुलाच्या कानापासून दूर ठेवा. पंधरा वर्षांनीही त्याचा गुण दिसला.

हे ठाणे-डोंबिवलीत अशक्य नाही. शनिवारी दुपारी रिकाम्या होणाऱ्या शाळांच्या खोल्या इथे आहेत, प्रशिक्षित समुपदेशक आहेत, आणि बालसंगोपनाच्या यादीत मुलांची नावंही आहेत. महिला व बालविकास विभागाने ती यादी जवळच्या शाळांशी जोडावी आणि प्रत्येक पालकाला पैशासोबत बारा शनिवारचं आमंत्रण द्यावं. सुरुवात एका प्रभागातल्या एका मराठी शाळेपासून करता येईल.