गांठ नेमकी कोठें?

ता. ९ जून १८८७. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील रुग्णालयांत एक कॅप्टन शस्त्रक्रियेस आणला होता. पाय लुळे, पाठींत असह्य कळा. डॉक्टर गॉवर्स यांनीं वेदनेच्या व बधिरतेच्या सीमेवरून पृष्ठरज्जूवरील गांठीची जागा केवळ तर्कानें ठरविली होती. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप आठ वर्षें होतीं! शस्त्रवैद्य हॉर्स्ली यांनीं त्या जागीं मणक्यांचें हाड काढिलें, तों गांठ कोठेंच दिसेना. तेथेंच जखम शिवून टाकिली असती तर त्यांना दोष कोणीं दिला असता? परंतु हॉर्स्ली वर सरकले, आणखी हाड काढिलें, आणि गांठ सांपडली! पुढें रोगी चालूं लागला.

आतां २०२० चा जून पहा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत शस्त्रवैद्यांनीं डोळ्यांवर एक उपकरण चढविलें. यंत्रानें टिपलेलें मणक्यांचें चित्र त्यांतून रोग्याच्या पाठीच्या ठिकाणींच उमटलेलें दिसे. दहा तारखेस त्यांनीं या साह्यानें मणक्यांतील कर्करोगाची गांठ काढिली. रोगी हलला तरी चित्र हाडाला धरून राहावें म्हणून हाडालाच एक खूण घट्ट बसवितात. ती धक्क्यानें सरकली, कीं चित्र लबाड बोलूं लागतें. मग शस्त्रवैद्याला हॉर्स्लीप्रमाणें आपल्या डोळ्यांवर व बोटांवरच भिस्त ठेवावी लागते.