धरणाकाठचं माहेर

माहेरचा रस्ता प्रत्येकीला पाठ असतो. माझा सांगते. हिंगोलीच्या बसस्टँडवर औंढ्याची एस.टी. धरायची. औंढ्याला उतरून नागनाथाला बाहेरूनच हात जोडायचे आणि काळीपिवळी भरायची वाट बघत बसायचं. भरल्याशिवाय ती हलत नाही, तुम्हाला माहीतच आहे. मग सिद्धेश्वर धरणाकडचा रस्ता, आणि एका चढावरून एकदम पाणीच पाणी. जावा म्हणतात, "नशीबवान गं, पाण्याकाठी माहेर!"

माझी आजी हसायची. तिचं घर पाण्याकाठी नव्हे, पाण्याखाली आहे.

पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं झाली, ती १९६८च्या सुमारास पूर्ण झाली. येलदरीला वीज तयार होते, तिथून सुटलेलं पाणी सिद्धेश्वरात येतं आणि कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडच्या रानांत जातं. त्याबद्दल आजीची तक्रार नव्हती. म्हणायची, "पाणी कोणाच्या तरी रानात जायलाच पाहिजे की, माय."

तिचं दुखणं वेगळं होतं. जमीन, घर, विहीर गेली. मोबदला ज्याचं कागदावर नाव, त्याला. म्हणजे आजोबांना. विहीर खणताना आजीनं डोक्यावरून दगड वाहिले होते, पण कागदावर ती कुठंच नव्हती. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि मुलीला वाटा दिला होता खरा, पण तो माणूस गेल्यावरचा. नवरा जिवंत असताना आलेल्या पैशाचं काय? आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा आपल्या राज्याचा कायदा १९७६चा. तोवर आमच्या गावावरून कितीतरी पावसाळे वाहून गेले होते.

कागदपत्रांसाठी परभणी गाठावी लागे. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ला, तोवर आपण परभणीतच. आजोबा बैलगाडीनं औंढ्याला यायचे, पुढं एस.टी., आणि काम न झाल्यास तिथंच मुक्काम. आजी एकदाही गेली नाही. बाईमाणूस कचेरीत काय करणार, असंच सगळे म्हणायचे, तीही म्हणायची. आलेला पैसा एका बैलजोडीत आणि दोन आत्यांच्या लग्नांत संपला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाची जोती उघडी पडतात. काठच्या ओल्या गाळात लोक गाळपेर करतात. आजी थकली तरी मे महिन्यात मला हाताला धरून तिथं न्यायची. एका जोत्यावर उभी राहून पायानं माती बाजूला सारायची. "इथं माझं जातं होतं," म्हणायची. दर वर्षी तेवढंच.

मागच्या वर्षी भावानं नवीन घर बांधलं. भाऊबीजेला गेले, तर वहिनीनं चहाच्या आधी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा समोर ठेवला. दोघांची नावं. मी वाचला, तिनं पुन्हा पिशवीत घालून गव्हाच्या कोठीत ठेवला.