३१ तारखेचा रणगाडा

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' ही म्हण ज्याने काढली, त्या गृहस्थाने या दोहोंपैकी एक ठिकाण नक्कीच पाहिलेलं नसावं. आम्ही परभणीकर मात्र ती लहानपणापासून छाती पुढे काढून सांगत आलो. त्यावर पुण्या-मुंबईचा पाहुणा गालातल्या गालात हसला, तर आमच्याजवळ दुसरी म्हण तयार असते : 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. जमलं तर जमलं, नाहीतर आपलं गाव आहेच. या दोन म्हणींच्या मधल्या मोकळ्या जागेत आमची आयुष्यं गेली.

जर्मनीशी माझा प्रत्यक्ष संबंध आला तो मात्र साठी उलटल्यावर, आणि तोही कुरिअरवाल्यामार्फत. एका भर दुपारी मंडळींनी मला हलवून उठवलं.

"अहो, उठा. तुमचा टायगर आलाय. दोन हजार सातशे रुपये मागतोय."

झोपेत माणसाला पहिल्यांदा वाघच आठवतो. दारात मात्र एक पोरगा खोकं घेऊन उभा होता. खोक्यात जर्मन बनावटीचा टायगर रणगाडा होता. म्हणजे मूळचा जर्मन; हा चीनमध्ये तयार झालेला, जस्ताच्या मिश्रधातूचा, खऱ्याच्या बहात्तरपट लहान. मागवला होता आमच्या पुण्याच्या नातवाने. सुनेने घरात आणखी एकही टँक आणायला बंदी घातल्यामुळे त्याने सुट्टीपुरती रसद परभणीच्या तळावर वळवली होती.

"एवढ्या पैशात मोरीला दार झालं असतं," मंडळी म्हणाल्या. गेली चार वर्षं आमच्या घरात प्रत्येक खर्च त्या दारावर मोजला जातो.

नातवाने खोकं आल्यावर ते उघडलंच नाही. उघडलं की किंमत उतरते, म्हणे. मग बघायचं कसं? तर खोक्याला पुढून काच असते, त्यातून बघायचं. आमच्या वेळी मुली दाखवायचीसुद्धा पद्धत याहून मोकळी होती. शिवाय त्याच्याजवळ याच टायगरचं आणखी एक खोकं आधीच होतं. "आजोबा, तो वेगळा. याच्या टरेटवरचा नंबर वेगळा आहे, ही न्यू रिलीज आहे." साचा तोच, फक्त आकडा बदलायचा आणि नवा माल म्हणून विकायचा. आमच्या घरी कालची आमटी आज फोडणी देऊन वाढतात, त्या कलेला बाहेर एवढा भाव असेल असं मंडळींना कधी वाटलं नव्हतं.

पण खरं सांगतो, आठ दिवसांत मी त्या नादाला लागलो. उघडायचं नाही म्हटल्यावर वाचणंच हातात राहतं. वाचता वाचता कळलं, की या धंद्याचं मूळ शिकागोच्या लाँड्रीवाल्यांत आहे. डाउस्ट नावाचे बंधू तिथे लाँड्रीच्या धंद्याचं एक मासिक चालवत. १८९३ सालच्या शिकागोच्या प्रदर्शनात त्यांनी लायनोटाइप यंत्र पाहिलं. वितळलेला धातू साच्यात ओतायचा आणि छपाईच्या ओळी पाडायच्या, असं ते यंत्र. बघणाऱ्या हजारोंना त्यात वर्तमानपत्र दिसलं. डाउस्टना शर्टाच्या कॉलरची बटणं दिसली. बटणांवरून ते इवल्याशा इस्त्रीवर आले, इस्त्रीवरून मोटारीवर. पुढे त्यांच्या गाड्या 'टूटसीटॉय' नावाने जगभर गेल्या.

इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी नावाचा माणूस लिव्हरपूलला मेकॅनो आणि खेळण्यातल्या आगगाड्या करीत असे. स्टेशन झालं, फलाट झाला, आता फलाटाबाहेर टांगा-मोटार नको का? म्हणून त्याने छोट्या मोटारी काढल्या, आणि १९३४पासून त्यांना 'डिंकी' हे नाव मिळालं. आगगाडीच्या मापाने मोटार बेतायची म्हणून एकास त्रेचाळीस हे विचित्र प्रमाण आलं, ते आजतागायत चालू आहे. आमच्या पूर्णा जंक्शनमुळे गाव वसलं आणि मग गावाला स्टेशनच्या मापाने राहावं लागलं, तसलाच प्रकार.

या पहिल्या गाड्यांना एक रोग असे. जस्तात चुकून शिशाचा अंश राहिला, तर गाडी तेव्हा ठणठणीत दिसायची. वर्षांनी तिला आतून भेगा पडायच्या, ती फुगायची आणि एक दिवस हातात भुगा यायचा. संग्राहक त्याला जस्ताची कीड म्हणतात. त्यावर औषध नाही. ओततानाच जे मिसळलं ते मिसळलं.

जर्मनीचं म्हणाल, तर खेळण्यांची राजधानी न्यूरेंबर्ग. तिथला फिलिप उलमन नावाचा ज्यू कारखानदार हिटलर आल्यावर १९३३ साली देश सोडून इंग्लंडला गेला. त्याने काढलेल्या 'मेटॉय' कंपनीनेच १९५६ साली डिंकीच्या नाकावर टिच्चून 'कॉर्गी' गाड्या आणल्या, खिडक्यांना काचा बसवलेल्या! तोपर्यंत डिंकीच्या खिडकीतून बोट आत घालता येत असे. मॅचबॉक्सची गोष्ट त्याहून गोड आहे. जॅक ओडेल या कारागिराच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. बापाने तिला पितळेचा काडेपेटीएवढा रोडरोलर करून दिला, आणि १९५३ साली त्यातून सबंध कारखान्याचं नशीब उघडलं. आमच्या शाळेत खेळणं आणायला मुळीच परवानगी नव्हती, म्हणून परभणीत कारखाना निघाला नाही.

इथवर वाचून झाल्यावर मला आमचा रणगाडा आठवला. खरं म्हणजे तो आधीपासूनच आठवत होता, मी इतिहासाच्या आडून त्याच्याकडे येत होतो.

१९६६च्या मे महिन्यात मुंबईच्या मामाने आणला. मामा गोदीत कारकून होता आणि कुठल्याशा खलाशाकडून त्याला तो मिळाला होता. सेंच्युरियन. तळहातावर मावेल न मावेल एवढा, हिरवा, फिरणाऱ्या बुरुजाचा आणि खऱ्याखुऱ्या लोखंडी साखळीच्या पट्ट्यांचा. आम्ही तोवर पाहिलेल्या मोटारी म्हणजे फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसात मिळणाऱ्या, पत्र्याच्या. त्यांची किल्ली पहिल्या दिवशी हरवायची आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याने बोट कापायचं. हा टँक घरंगळत अंगणभर फिरला, तेव्हा शेजारची चार घरं बघायला आली. आदल्याच सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं होतं आणि पॅटन हा शब्द आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. पॅटनचं काम कुंभाराकडच्या फुटक्या पणत्या करीत.

घरात टँक एक आणि सेनापती दोन. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. वडिलांनी निवाडा दिला : सम तारखांना दादाचा, विषम तारखांना माझा. निवाडा न्यायाचा वाटला. पण ३१ मे माझा झाला, आणि दुसऱ्या दिवशी १ जून, तोही माझा! दादाने अंगणात लोळण घेतली.

"ह्यो वरचेवर असंच फसवायलाय मला!" तो ओरडत होता. जणू कॅलेंडर मीच छापलं होतं.

शेवटी आई मध्ये पडली. "एकतीस तारखेला कुणाचाच नाही. त्या दिवशी देवाचा," असं म्हणून तिने टँक उचलला आणि देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी ठेवला. तेव्हापासून ३१ तारखेला रणगाड्याला सुट्टी. त्या दसऱ्याला तर तिने शस्त्र म्हणून त्याची पूजाही केली. वडिलांचं पेन, विळी, अडकित्ता आणि सेंच्युरियन. हळद पट्ट्याच्या साखळीत जी जाऊन बसली ती कशाने निघाली नाही.

वडील मात्र त्या टँकला कधी हात लावत नसत. पोलीस ॲक्शनच्या वेळी ते हैदराबादला शिकत होते. १३ सप्टेंबर १९४८ला जनरल चौधरींची चिलखती फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आम्ही विचारायचो, "बाबा, तुम्ही खरे टँक पाहिले?" ते म्हणायचे, "पाहिले." पुढे काही नाही. आम्हाला वाटे, बाबांना गोष्ट सांगता येत नाही. त्या महिन्यांत मराठवाड्यात आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. तेव्हा मला बाबांचं एका शब्दाचं उत्तर पुरेसं लांब वाटलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली होती. १९६५च्या युद्धात पूना हॉर्सच्या सेंच्युरियन रणगाड्यांचं नेतृत्व करताना पडलेले आणि परमवीरचक्र मिळवणारे लेफ्टनंट कर्नल तारापोर मूळचे निजामाच्या फौजेतले. संस्थान विलीन झालं आणि ते भारतीय सैन्यात आले. "कालचा परका आज आपल्यासाठी मरतो," बाबा म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

आम्ही मोठे झालो आणि टँक नाहीसा झाला. दादाचं म्हणणं, मी तो कंचे घेऊन कुणाला तरी दिला. माझं म्हणणं, त्याने तो हॉस्टेलवर नेऊन हरवला. हा वाद आम्ही चाळीस वर्षं मोठ्या आनंदाने केला. मग आई गेली आणि वाडा विकायला काढला. घराचे पैसे अर्धे झाले, भांडी अर्धी झाली. पाथरी रोडच्या शेतातल्या विहिरीपाशी येऊन मात्र आमचं गणित अडलं. विहिरीला सम-विषम लावता येत नाही. काय बोललो ते इथे लिहीत नाही. दोघेही मास्तराचे मुलगे, त्यामुळे शुद्ध मराठीत बोललो. त्यानंतर अकरा वर्षं बोललो नाही.

डिंकीचा कारखाना १९७९ साली बंद पडला, मॅचबॉक्सवाली लेस्नी कंपनी १९८२ला बुडाली, कॉर्गीची मेटॉय १९८३ला. अमेरिकेच्या हॉट व्हील्सच्या सुसाट चाकांनी आणि हाँगकाँगच्या स्वस्त मालाने चार-पाच वर्षांत तिघांचा निकाल लावला. नावं तेवढी उरली, ती विकत घेणारे घेत राहिले. त्याआधी डिंकीचे काही जुने साचे आपल्या कलकत्त्याला आले होते. 'निकी टॉईज' या नावाने त्या गाड्या इथे निघत. साचे झिजलेले, रंग जाडाभरडा. आज त्याच ओबडधोबड गाड्यांसाठी इंग्रज संग्राहक पैसे मोजतात. आपण वापरून टाकलेलं कुणीतरी अजून वापरतंय, याचं त्यांना अप्रूप असावं.

तर नातवाच्या हट्टाने गेल्या दिवाळीत आम्ही नगरला गेलो. म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथे १९९४पासून रणगाड्यांचं म्युझियम आहे. रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपासून युद्धात हाती आलेल्या पॅटनपर्यंत सगळं मैदानात मांडलेलं. नातू टरेटचे नंबर टिपत पळाला आणि मी सेंच्युरियनपुढे उभा राहिलो. पन्नास टनांवरचं धूड. आमच्या काळ्या मातीत श्रावणात उभं केलं असतं, तर पोळ्यापर्यंत निम्मं खाली गेलं असतं. मी चाकं मोजू लागलो, पण बाजूच्या पत्र्याआड दडलेली, नीट मोजता येईनात. आणि काय वाटलं कोण जाणे, खिशातून फोन काढला आणि तो नंबर लावला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. अकरा वर्षांत जरा घोगरा झालेला.

"दादा, सेंच्युरियनला एका बाजूला चाकं किती?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, ठेवला.

"सहा," दादा म्हणाला. "का रे?"

"नाही, मोजत होतो."

"टॅक्सी-बिक्सीनं येऊ नको. एसटीनं ये, मी स्टँडवर येतो."

दादा हल्ली संभाजीनगरला मुलाकडे असतो. मी नातवाला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं, परभणीला येऊन बरेच दिवस धीर गोळा केला आणि मग गेलो. जाताना सेंच्युरियनचं एक नवं मॉडेल मागवून नेलं होतं, खोक्यासकट. दादाने माझ्यादेखत ते टराटरा फाडलं. नातू असता, तर त्याला भोवळ आली असती.

"छान आहे," तो बुरूज फिरवत म्हणाला. "पण पट्टे रबरी दिसतात." मग उठून कपाट उघडलं आणि एका जुन्या धोतराच्या फडक्यातून आमचा टँक बाहेर काढला. रंग निम्मा उडालेला, एका बाजूची साखळी गायब, दुसऱ्या बाजूच्या साखळीत हळद.

"आईच्या ट्रंकेत होता," तो म्हणाला. "वाटणीच्या वेळीच सापडला. सांगणार होतो. मग ते विहिरीचं निघालं."

मी टँक हातात घेतला. तो त्याच्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

"आज तारीख किती?" दादाने विचारलं.

वहिनी स्वयंपाकघरातून भाकरीचे हात पुसत आल्या, भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं, आणि म्हणाल्या, "एकतीस." मग माझ्या हातातून रणगाडा घेऊन तो देवघरात ठेवून आल्या आणि आम्हाला जेवायला बसा म्हणाल्या.