बऱ्हाणपूरचा हमाम आणि परटाची भट्टी

बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमामाचे वर्णन करताना आमचे इतिहासकार छतावरील चित्रांपाशी थबकतात, मुमताजमहलच्या १६३१ मधील मृत्यूचा उल्लेख करतात आणि पुढे जातात. या स्नानाने अंगावरील जीवांचे काय झाले असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विषय किळसवाणा खरा. परंतु उवा, लिखा आणि खरूज यांनी रयतेस जितके छळले तितके पुष्कळशा सुभेदारांनीही छळले नसेल.

पाण्याची या नगरीस वाण नव्हती. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५च्या सुमारास, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारांनी अडवून कुंडी भंडारा सिद्ध झाला. शंभराहून अधिक कुंड्यांची ती मालिका. तथापि स्नानाने हे जीव जातात हा समज अपुरा आहे. डोक्यातील ऊ केसाला घट्ट धरून असते. अंगावरची ऊ वस्तुतः वस्त्राच्या शिवणीत राहते, तेथेच लिखा घालते आणि केवळ रक्त पिण्यापुरती कातडीवर येते. खरजेचा किडा तर कातडीतच बोगदा खणतो; त्यास गंधकाचा लेप वा आजचे पर्मेथ्रिन लागते, आणि तेही घरातील सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते. वस्त्रातील उवेपुरते बोलावयाचे तर हमामापेक्षा परटाच्या भट्टीचे महत्त्व अधिक मानले पाहिजे, कारण तिच्या वाफेत ऊ आणि लीख दोन्ही मरतात. भट्टीवर कोणी चित्रे काढली नाहीत, ही गोष्ट निराळी.

चरकाने विमानस्थानात यूकांची स्थाने सांगताना केस, दाढी, पापण्या यांबरोबर वस्त्रेही सांगितली आहेत. हे निरीक्षण आम्हांस मोलाचे वाटते. ओढून काढणे हा त्याचा पहिला उपाय. आमच्या घरोघरची फणी तेच करते. (सीताफळाच्या बियांची पूड मात्र डोळ्यांत गेल्यास बुबुळास इजा करते.) परंतु अस्वच्छता हे त्याने दिलेले कारण डोक्यातील उवांस लागू पडत नाही. स्वच्छ केसांतही त्या नांदतात, डोक्याला डोके लागून पसरतात. वर्गात मुलींस यावरून हिणवणाऱ्या शिक्षकबंधूंनी हे ध्यानी घ्यावे.

वस्त्रातील उवेची कथा अधिक दारुण आहे. १८७७ साली दुष्काळाने हुसकलेले लोक मुंबईत लोटले, पुनरावर्ती ज्वराची साथ आली, आणि हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात मळसूत्री जंतू पाहिले. तो जंतू माणसामाणसांत पसरतो कसा, हे कळावयास आणखी तीस वर्षे लागली. १९०७ मध्ये मॅकी यांनी नाशिककडील एका मिशनच्या वसाहतीत पाहणी केली. तेथे मुलींपेक्षा मुलांच्या कपड्यांत उवा अधिक आणि ज्वरही मुलांतच अधिक. उवांच्या पोटात तेच जंतू सापडले. कपडे उकळावेत, हे त्यावरून उघडच होते. परंतु दुष्काळातून आलेल्या माणसाजवळ बहुधा अंगावरचे तेवढेच वस्त्र असे, आणि ते भट्टीत घालण्यापूर्वी त्याच्या हाती दुसरे द्यावे लागे.