संस्कार, साक्रामेन्तुम आणि कुदाशा
ज्ञातिबांधवहो, आपल्या सोळा संस्कारांप्रमाणे शेजाऱ्यांचे सात संस्कारही जाणणे हा शेजारधर्मच होय. तेव्हाच्या चांदा मुलुखात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, १९६२ साली केरळीय सिरो-मलबार कॅथलिकांचे धर्मक्षेत्र स्थापन झाले; १९७७ मध्ये त्यास बल्लारपूर येथे धर्मप्रांताचा दर्जा लाभला. रोमचा लॅटिन शब्द ‘साक्रामेन्तुम’, मूळ अर्थ सैनिकाची शपथ. यांचा सुरियानी ‘कुदाशा’, अर्थ पवित्रीकरण. मराठीने दोहोंस ‘संस्कार’ म्हटले. स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा व विवाह हे ते सात. ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेस हे लोक ‘कुर्बाना’, म्हणजे अर्पण, म्हणतात. आपले संस्कार गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत मनुष्यास घडवितात. त्यांच्या श्रद्धेनुसार प्रत्येक संस्कारात ख्रिस्त स्वतः कृपा देतो. शब्द एक म्हणून अर्थ एक मानू नये. अर्थ निराळा म्हणून माणूस परका मानू नये, असे आम्हांस वाटते.