इंडिया पेल एल : कडवटपणा, कर आणि पाणी

प्रस्तावना

मद्याच्या इतिहासाकडे मराठीत बहुधा दारूबंदीच्या चळवळीच्या अनुषंगाने पाहिले जाते. ही दृष्टी आवश्यक असली तरी तिच्यामुळे एक बाजू अंधारात राहते. एखादे पेय कोणत्या व्यापारातून घडले, त्याची चव कोणत्या कारणांनी ठरली आणि ती चव पारखण्याचे निकष कोणी निर्माण केले, हे प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतात. ‘इंडिया पेल एल’ ही हॉप्सच्या कडवटपणासाठी प्रसिद्ध असलेली तीव्र बिअर या दृष्टीने लक्षणीय आहे. तिच्या नावात हिंदुस्थान आहे. मात्र तिच्या जन्मकथेत हिंदुस्थानी माणूस जवळजवळ कोठेच नाही. प्रस्तुत निबंधात या पेयाच्या चवीमागील ऐतिहासिक कारणांचा शोध घेऊन त्यांचा मराठवाड्याशी येणारा संबंध तपासला आहे.

नावाची कथा आणि तिची चिकित्सा

या बिअरविषयी सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी : अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज हॉजसन या लंडनच्या बिअर उत्पादकाने हिंदुस्थानापर्यंतच्या प्रवासात टिकावी म्हणून अधिक मद्यार्क आणि अधिक हॉप्स घालून एक नवी बिअर ‘शोधून काढली’. ही कथा आकर्षक आहे, परंतु ती पुराव्यावर टिकत नाही. बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, हॉजसनने असा कोणताही शोध लावल्याचा समकालीन पुरावा आढळत नाही. फिकट रंगाची, भरपूर हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडमध्ये आधीपासूनच होत होती. तसेच त्या काळातील निर्यातीची पेल एल साधारणतः सहा ते साडेसहा टक्के मद्यार्काची, म्हणजे तत्कालीन इंग्लंडच्या मानाने फारशी तीव्र नव्हती. काळसर ‘पोर्टर’ बिअरही त्याच जहाजांतून येत होती व टिकत होती.

हॉजसनच्या यशाचे खरे कारण भूगोलात आणि उधारीत सापडते. त्याचा बो येथील कारखाना पूर्व लंडनमध्ये, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे थांबत त्या ब्लॅकवॉलच्या जवळ होता. जहाजांच्या कप्तानांना खाजगी व्यापारासाठी माल नेण्याची मुभा असे आणि हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर पिंपे देत असे. हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजांत जागा मोकळी असल्याने भाडेही कमी पडे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी ही पिंपे मुंबई, मद्रास वा कलकत्त्यास उतरत. हॉप्समधील कडू आम्ले काही जिवाणूंची वाढ रोखतात हे आज रसायनशास्त्राने सिद्ध आहे. त्या काळच्या उत्पादकांस कारण ठाऊक नव्हते, अनुभव मात्र होता. प्रवासातील उष्णता आणि जहाजाचे हेलकावे यांमुळे पिंपात बिअर मुरत जाई व तिचा कच्चा कडवटपणा ओसरत असे. लंडनला जे मुरायला दीर्घकाळ लागे ते समुद्राने सहा महिन्यांत केले.

या कथेत कराचा प्रवेश १८२२ साली होतो. रशियाने त्या वर्षी लावलेल्या जकातीमुळे बर्टन-ऑन-ट्रेंट या गावच्या बिअर उत्पादकांचा बाल्टिक समुद्रातील व्यापार कोलमडला. त्याच सुमारास हॉजसनच्या वारसांनी भाव वाढवून उधारी आखडती घेतल्याने कंपनीचे व्यापारी नाराज झाले होते. कंपनीचे संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉप यास हिंदुस्थानासाठी बिअर करण्यास सुचविले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, विपुल होते. अशा पाण्यात हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ उतरतो. लंडनच्या बिअरला ही धार नव्हती. पुढे बास आणि ऑलसॉप यांनी हिंदुस्थानची बाजारपेठ काबीज केली ती या पाण्याच्या बळावर. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील स्वरूपात १८२९ मध्ये, तेही सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत आढळते.

हे पेय पीत कोण होते? पेल एल ही प्रामुख्याने अधिकारी आणि मुलकी सेवकांची बिअर होती. सामान्य गोऱ्या सैनिकांच्या वाट्यास पोर्टर आणि देशी अर्क येई. म्हणजे वसाहतीच्या उतरंडीतही चवीची एक उतरंड होती.

शिंदी, मोहा आणि अबकारी

त्याच काळात सामान्य मराठी माणसाच्या पेयांचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. शिंदी, ताडी आणि मोहाची दारू ही स्थानिक झाडांवर व स्थानिक हातांवर उभी असलेली पेये होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने त्यांच्यावर सरकारी नियंत्रण घट्ट केले. गाळण्याचा हक्क मक्त्याने दिला जाऊ लागला आणि १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. दारूची दुकाने मात्र वाढली. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली वाढत्या दारूगुत्त्यांविरुद्ध लेखी आक्षेप नोंदविला होता. त्या आक्षेपाचा रोख केवळ नैतिक नव्हता. जे सरकार महसुलासाठी गुत्ते वाढवते त्याच्याकडे त्यांचे बोट होते.

उदगीर हे त्या वेळी निजामाच्या हैदराबाद राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. तेथेही अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाचा एक कार्यक्रम झाला. झाड तोडणे म्हणजे सरकारचा महसूल तोडणे, हे समीकरण खेड्यातील माणसास समजावून सांगावे लागले नाही. या लढ्याच्या आठवणींत झाडे तोडणाऱ्यांचे धाडस येते, परंतु शिंदी काढून पोट भरणाऱ्यांचा उल्लेख क्वचितच येतो, हेही नोंदविले पाहिजे.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९५६ मध्ये मराठवाडा त्या राज्यात सामील झाला आणि कालांतराने बंदी सैल झाली. कायद्याचे नाव मात्र आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असेच आहे. बिअर गाळण्याचा परवाना ‘दारूबंदी’च्या कायद्याखाली मिळावा, हा आपल्या कायदेव्यवस्थेतील एक गमतीदार विरोधाभास म्हणावा लागेल.

पुनर्जन्म आणि पन्नास गुणांची परीक्षा

विसाव्या शतकात हलक्या लागर बिअरने जग व्यापले आणि इंडिया पेल एल तिच्या मायदेशीही पातळ, नावापुरती उरली. तिचा पुनर्जन्म अमेरिकेत झाला. १९७२ मध्ये ‘कॅस्केड’ ही लिंबूवर्गीय सुगंधाची हॉप्सची जात प्रसृत झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ मध्ये तिचा वापर करून ‘लिबर्टी एल’ काढली. पुढच्या दोन दशकांत लहान उत्पादकांनी हॉप्सचे प्रमाण वाढवत नेले आणि नव्वदच्या दशकात ‘डबल’ इंडिया पेल एल अवतरली. जी तीव्रता समुद्रप्रवासाची गरज म्हणून सांगितली जाते, ती प्रत्यक्षात बऱ्याच अंशी या अलीकडच्या काळाची निर्मिती आहे.

महाराष्ट्रात ही लाट पुण्यामार्गे आली. २००९ साली पुण्यात ‘डूलॅली’ हा राज्यातील पहिला लघुमद्यनिर्मिती उपक्रम सुरू झाला. हे नाव ज्या इंग्रजी बोलीशब्दावरून आले त्याचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले गोरे सैनिक भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला. देवळाली इंग्रजीत गेली आणि दीड शतकाने बिअरचे नाव होऊन पुण्यास परतली. पाठोपाठ पुणे-मुंबईत इतर उत्पादकही उभे राहिले व इंडिया पेल एल पुन्हा या भूमीवर, या वेळी येथेच तयार होऊन, पेल्यात आली.

या बिअरची परीक्षा कशी करतात? अमेरिकेतील बिअर परीक्षक संस्थेची गुणपत्रिका आज जगभर प्रमाण मानली जाते. तीत एकूण पन्नास गुण असतात : गंधास बारा, रूपास तीन, चवीस वीस, तोंडात जाणवणाऱ्या पोतास पाच आणि एकंदर परिणामास दहा. अमेरिकन धर्तीच्या इंडिया पेल एलसाठी साडेपाच ते साडेसात टक्के मद्यार्क आणि कडवटपणाची चाळीस ते सत्तर एकके अपेक्षित असतात. ‘डबल’ प्रकारात मद्यार्क साडेसात ते दहा टक्क्यांपर्यंत जातो. परीक्षक आधी हुंगतो : संत्र्याची साल, पाईनचा चीक, पिकलेला आंबा. मग घोट घेतो व कडवटपणा माल्टच्या, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूच्या, गोडव्याशी तोलला आहे की नाही हे पाहतो. मद्यार्क घशाला पोळत असेल तर गुण कापले जातात.

येथे मराठी परीक्षकापुढे भाषेचा प्रश्न उभा राहतो. आयुर्वेदाच्या षड्रसांत ‘तिक्त’ म्हणजे कडू आणि ‘कटु’ म्हणजे तिखट. मराठीत येताना अर्थ बदलला : कटूचे ‘कडू’ झाले. कडवटपणाचे वावडे मात्र या भाषेला कधीच नव्हते. पाडव्याचा कडुनिंब, कारले, मेथी यांनी मराठी जीभ तयार केली आहे. असे असूनही भारतीय बिअर बाजारात मोठा वाटा आहे तो ‘स्ट्राँग’ लागरचा. ही बिअर कडू नाही; ती काहीशी गोडसर, सात-आठ टक्के मद्यार्काची असते. तिचे गिऱ्हाईक किमतीच्या प्रमाणात मद्यार्क पाहते, आणि जेथे पेयावरील कर भारी असतो तेथे हा हिशेब अधिकच पक्का होतो. या निवडीस अभिरुचीचा अभाव म्हणणे अन्यायाचे होईल.

पाणी

गुणपत्रिकेत पाण्यातील खनिजांचा परिणाम चवीच्या रूपाने मोजला जातो. ते पाणी कोठून आले यास एकही गुण नाही. मराठवाड्यात हा प्रश्न टाळता येत नाही. येथील बेसाल्ट खडकातील भूजल बहुधा बायकार्बोनेटयुक्त कठीण असते. काळ्या बिअरला ते चालते, परंतु पेल एलमध्ये कडवटपणा खरखरीत करते. म्हणून आधुनिक कारखाने पाण्यातील क्षार काढून टाकतात व मग जिप्सम मिसळून त्यास ‘बर्टन’ बनवितात. या शुद्धीकरणात काही पाणी वाया जाते. शिवाय एक लिटर बिअरमागे कारखान्यात धुण्या-थंडावण्यासह सुमारे चार लिटर पाणी लागते.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे वाळूज परिसरातील कारखान्यांमुळे देशातील एक प्रमुख बिअर उत्पादन केंद्र आहे. तेथील पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. २०१६ च्या उन्हाळ्यात हे दोन इतिहास समोरासमोर आले. मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी व हाणामारी टाळण्यासाठी कलम १४४ लावण्यात आले. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिल रोजी मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर प्रवास करून दहा वाघिणींची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्याच एप्रिलच्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांची कपात त्याहून बरीच कमी होती.

कारखान्यांच्या बाजूने असे मांडले गेले की बिअरला लागणारे पाणी उसाच्या मानाने नगण्य आहे. आकड्यांपुरते ते खरेच आहे; मराठवाड्यातील उसाच्या क्षेत्राचा प्रश्न त्याहून कितीतरी मोठा आहे. तथापि लातूर, उदगीर, अहमदपूर या भागात टँकरची वाट पाहत घागरी मांडून बसलेल्या माणसासमोर तुलना उसाची नव्हती. त्याच्या घरी पाणी आठ-पंधरा दिवसांनी येत होते आणि बाटली मात्र दुकानात रोज मिळत होती. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरले, आणि बिअरच्या पाण्याची चर्चा वृत्तपत्रांतून मागे पडली.