साथरोग, नगररचना आणि स्थलांतरित श्रमिक : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि भारतातील नगररचनेच्या इतिहासाला कलाटणी मिळाली. १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांच्या तपासणीचा अधिकार शासनास प्राप्त झाला. पुढल्याच वर्षी मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. दाट वस्ती पाडून, समुद्राचा वारा शहरात खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढण्यात आले. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही याच न्यासाच्या. मात्र ज्यांची घरे पाडली गेली, त्यांपैकी अनेक श्रमिकांना नव्या वसाहतींत जागा मिळाली नाही. ते शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागले.

तेव्हा निजामाच्या राज्यात असलेला बीड जिल्हा या सुधारणांपासून दूरच राहिला. हैदराबादेत १९१२ साली नगर सुधार मंडळ आले, तेही राजधानीपुरते.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने करोनाच्या साथीत तोच १८९७ चा कायदा लागू केला. टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा बीडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात फडावर होते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, घर सोडते. हंगाम संपल्यावर परतते. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्याने हे चक्र मध्येच थांबले. पाचटाच्या कोप्यांत अंतर राखून राहणे अशक्य होते आणि गावी म्हातारी माणसे व मुले वाट पाहत होती. अखेर १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने वैद्यकीय तपासणी करून त्यांना परतण्यास परवानगी दिली.

प्लेगकालीन नियोजनाने शहर हे एकक मानले. येणारा-जाणारा मजूर त्यात केवळ तपासणीचा विषय ठरला. सव्वाशे वर्षांनंतरही ही दृष्टी फारशी बदललेली दिसत नाही. साथ कोठे रोखायची हे ठरले होते, परंतु वाटेवरच्या माणसाने कोठे राहावे, याची तरतूद नव्हती.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे सुटली. ऊसतोडीच्या टोळ्या मात्र ट्रक-ट्रॅक्टरनेच जातात. कारण माणसे, जनावरे आणि संसार गावाच्या वेशीपासून थेट फडापर्यंत न्यावा लागतो.